तिनं मान कलती केली म्हणून

बोलताना ती तुमच्या बाजूला झुकते. मान थोडी कलती करते. तिची नजर तुमच्या डोळ्यांवरून ओठांवर उतरते आणि तिथेच रेंगाळते. तुम्ही काही सांगत असलात की मान डोलावते, विनोद बेताचा असला तरी हसते, आणि चारचौघांत बसायची वेळ आली की नेमकी तुमच्या शेजारची खुर्ची धरते. आकर्षणाच्या खुणांची ही यादी फुटपाथवरच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापली गेली, आता ती मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत ऐकवतात. यातली प्रत्येक खूण माझ्यात आहे. बँकेतल्या सहकाऱ्यांना मी ती दाखवली, पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजोबांना दाखवली, आणि आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला आजही रोज दाखवते.

कारण माझ्या डाव्या कानात आहे. लहानपणी गालगुंड झाले. ताप उतरला, गालांची सूज उतरली, कान मात्र गेला. गालगुंडाचा विषाणू कधीकधी एका बाजूचा कान असा कायमचा घेऊन जातो. एका कानाचा माणूस बहिरा वाटत नाही. शांत खोलीत त्याचं काही अडत नाही. पंखा, टाइपरायटर, रांगेतला कलकलाट सुरू झाला की मात्र समोरच्याचे शब्द त्यात बुडतात. आवाज कुठल्या बाजूनं आला हेही धड कळत नाही, कारण दिशा ओळखायला दोन कान लागतात. मग शरीर आपली सोय आपणच करून घेतं. चांगला कान पुढे यावा म्हणून मान वळते, अंतर कमी व्हावं म्हणून माणूस झुकतो, निसटलेले शब्द ओठांवरून उचलतो. तेही जमलं नाही तर पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ विचारायची लाज वाटते, म्हणून हसून मान डोलावतो. न कळलेल्या विनोदाला माझ्याइतकं मनापासून हसणारं माणूस तुम्हाला सापडणार नाही.

मग कानाचं सांगून टाकायचं ना, असं कुणीही म्हणेल. पण लग्नाची मुलगी आणि तिच्यात खोट, याचा हिशेब आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. ‘बँकेत कानाचं बोलायचं नाही, गाव लहान आहे,’ हे आईनं पहिल्याच दिवशी डबा हातात देताना बजावलं होतं. गाव म्हणजे सांगली. 1990 च्या आगेमागे मी तिथल्या एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर होते. समोर काच, काचेला खाली अर्धगोल खिडकी. पलीकडचा माणूस उभ्यानं वरून बोलणार, त्याचा आवाज काचेवर आपटून माघारी जाणार. मी उजवा कान खिडकीपाशी नेऊन, त्याच्या तोंडाकडे बघत, ‘शंभराच्या किती देऊ?’ विचारणार. दिवसभर हेच.

आमच्या शाखेत क्लिअरिंग बघणारे एक गृहस्थ होते. सरळ, कामसू आणि हौशी नाटकात कामं करणारे. सांगलीत अशी माणसं प्रत्येक कचेरीत एकदोन असतातच. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करून करून त्यांचे उच्चार इतके स्वच्छ झाले होते की जेवणाच्या सुट्टीतल्या गोंगाटातही मला त्यांचं वाक्य पूर्ण समजायचं. इतरांशी बोलताना पडणारे कष्ट त्यांच्याशी बोलताना पडत नसत, म्हणून मी त्यांच्याशी जास्त बोलत असे. जेवणाच्या टेबलाचा डावीकडचा कोपरा मी धरून ठेवला होता, कारण तिथे डाव्या बाजूला भिंत येते आणि सगळी माणसं चांगल्या कानाकडे राहतात. त्या कोपऱ्याला लागून असलेली खुर्ची त्यांची. कुणाच्या तरी सेंड-ऑफला मोठमोठ्यानं स्पीकर लावला होता, तेव्हा तर मी त्यांच्या अगदी जवळ सरकून बसले होते. त्यांनी या सगळ्याची बेरीज केली. बेरीज बरोबर होती, आकडे दुसऱ्याच खात्यातले होते.

एका रविवारी सकाळी त्यांची आई आणि मामा आमच्या घरी आले. सहज आलो म्हणाले, हातात पेढ्यांचा पुडा. चहा होईपर्यंत पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मग मामा माझ्या वडिलांना, अण्णांना, म्हणाले, ‘मुलांचं आपापसांत ठरल्यासारखंच आहे. आपण मोठ्यांनी आता फक्त पुढचं बघायचं.’ अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचा अर्थ लावायला मला कुठलं पुस्तक लागलं नाही. मी म्हणाले, ‘माझ्या मनात तसं काही नाही. कधीच नव्हतं.’ त्यांच्या आई यावर चिडल्या नाहीत, गोंधळल्या. मुलानं त्यांना सगळं सांगितलं होतं. ती माझ्याशीच हसून बोलते, माझ्या शेजारीच बसते, मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे एकटक बघते. त्यातला शब्दही खोटा नव्हता. ‘मग हे सगळं कशाला केलंस, बाळ?’ त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण स्वयंपाकघराच्या दारातून आई डोळे वटारत होती.

पुढचं थोडक्यात. त्यांनी जेवणाच्या टेबलावर येणं सोडलं. शाखेतल्या बायकांनी मला बाजूला घेऊन ‘तुझंही वागणं जरा जास्तच होतं हं’ असं सांगितलं, पुरुषांनी काही सांगितलं नाही आणि ते जास्त जड गेलं. मी बदली मागून मिरजेला गेले. त्या गृहस्थांची अनेक वर्षं पक्की समजूत होती की माझं मन होतं, घरच्यांनी मोडता घातला. खूप पुढे, एका सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या जेवणात मी त्यांना कानाचं सांगितलं. ते बराच वेळ वरणभात कालवत राहिले. मग म्हणाले, ‘तेव्हाच सांगायचं होतंत.’ मी म्हणाले, ‘तुम्ही तेव्हाच विचारायचं होतंत. आईला पाठवण्याआधी.’ दोघंही हसलो, पण त्या माणसाची उमेदीची वर्षं या समजुतीत गेली, हे काही हसण्यासारखं नव्हतं.

गंमत अशी की त्याच वर्षांत माझे कांदेपोह्यांचे कार्यक्रम चालू होते, आणि तिथे हेच शरीर उलटं वाचलं जात होतं. मुलाकडची मंडळी ओळीनं सतरंजीवर. प्रश्न मावशी विचारणार, मध्येच काका, कोपऱ्यातून आत्या. कोण बोललं हे शोधायला मी एकेकाचे ओठ तपासत असे. एका स्थळाकडून निरोप आला, ‘मुलगी फार धीट आहे, रोखून बघते.’ दुसऱ्यांनी सांगितलं की मुलगी विचारल्यावर लगेच बोलत नाही, मनात दुसरं कुणीतरी असावं. एकच नजर एका घरात प्रेम ठरली, दुसऱ्या घरात उद्धटपणा आणि तिसऱ्या घरात लपवलेलं लफडं. बघणाऱ्याला जे हवं होतं किंवा ज्याची धास्ती होती ते त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढे बँकेची नोकरी करता करता समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, निवृत्तीनंतर लग्नाआधीच्या मुलामुलींशी बोलायचं काम अंगावर घेतलं, आणि या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेले. सगळ्यात आधी भेटतो तो एक आकडा. माणसाच्या बोलण्यात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55; म्हणजे 93 टक्के संवाद शब्दांवाचून होतो, असं व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत फळ्यावर लिहून देतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 च्या दोन प्रयोगांतून जोडलेले आहेत. त्या प्रयोगांत माणसं एकमेकांशी गप्पा मारत नव्हती. वेगवेगळ्या सुरांत उच्चारलेले सुटे शब्द ऐकवले होते, एकात जोडीला चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही हे ओळखायला सांगितलं होतं. हे आकडे सगळ्या संवादाला लावू नका, असं मेहराबियननं स्वतःच नंतर सांगितलं आहे. तरी 93 टक्के टिकून आहेत, कारण ते सोयीचे आहेत. समोरची काय म्हणते याला 7 च टक्के किंमत असेल, तर तिच्या ‘नाही’लाही 7 च टक्के.

मला जास्त उपयोगी पडला तो अँटोनिया अॅबी यांचा 1982 चा प्रयोग. त्याचं मूळ मला फार ओळखीचं वाटलं. विद्यापीठाजवळच्या एका गजबजलेल्या बारमध्ये त्या आणि त्यांच्या मैत्रिणी जागा नसल्यामुळे दोन अनोळखी पुरुषांच्या टेबलावर बसल्या. वादकांच्या मधल्या सुट्टीत सभ्यपणे चार शब्द बोलल्या. त्या पुरुषांनी त्याचा भलताच अर्थ घेतला, आणि शेवटी यांना टेबल सोडून उठावं लागलं. अॅबींनी मग एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या जोड्या पाच मिनिटं गप्पा मारायला बसवल्या आणि आडून दुसरी एक मुलगा-मुलगी जोडी त्या गप्पा बघत होती. गप्पा त्याच, मुलगीही तीच, पण मुलींना जो नुसता मोकळेपणा वाटला त्यात मुलांना आमंत्रण दिसलं. बोलणाऱ्या मुलालाही दिसलं आणि आडून बघणाऱ्यालाही, ज्याचा त्या गप्पांशी काही संबंध नव्हता. ‘हसली म्हणजे फसली’ हे आपल्याकडचं घाणेरडं वाक्य कुठून येतं ते हा प्रयोग वाचल्यावर कळतं.

खुणा सगळ्या थोतांड आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. मोनिका मूर या संशोधिकेनं 1985 मध्ये स्त्रियांच्या अशा 52 हालचालींची नोंद छापली. केसांवरून हात फिरवणं, झुकणं, मान डोलावणं, हसणं, सगळं त्यात आहे. बारमध्ये अशा हालचाली जास्त करणाऱ्या बायकांकडे पुरुष जास्त वेळा गेले, हेही त्यांना दिसलं. पण ती बाई तिथे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या हौसेनं आलेली असते आणि कंटाळा आला की उठून जाऊ शकते. मी काचेमागे पगारावर बसलेली असते. आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 च्या आपल्या पुस्तकात विमानातल्या सेविकांचं हसू हा त्यांच्या कामाचाच भाग कसा असतो ते सविस्तर लिहिलं आहे. बँकेतली मुलगी, औषधाच्या दुकानातली मुलगी, दवाखान्यातली सिस्टर, जिममधली ट्रेनर, क्लासमधली शिक्षिका यांचं हसू तुम्ही फीमध्ये किंवा बिलात भरलेलं असतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच विचारते: तू दिसलास तेव्हा ती तिथून उठून जायला मोकळी होती का? नसेल, तर तिच्या हालचाली मोजूच नकोस.

शरीराच्या आतल्या खुणा तरी खऱ्या असतात, असा एक समज असतो. डोळ्यांतली बाहुली खोटं बोलत नाही म्हणे. एकहार्ट हेस यांनी 1960 च्या दशकात दाखवलं होतं की आवडीची गोष्ट पाहिली की बाहुली मोठी होते. त्याच हेस यांनी हेही दाखवलं की मनातल्या मनात गुणाकार करतानाही ती मोठी होते. अंधुक उजेडात होते, भीतीनं होते. म्हणजे शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटांचा हिशेब डोक्यात चालू असताना मी ग्राहकाकडे पाहिलं, की माझ्या डोळ्यांत काय दिसत असेल ते देव जाणे! आपल्याकडे भरतानं नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. पण घाम कशानं येतो याची कारणं देताना राग, भीती, हर्ष, लाज, दुःख, श्रम, रोग, उष्णता अशी सगळी रांग त्यानं उभी केली आहे. रंगभूमीवर प्रेक्षकाला कथा माहीत असते, म्हणून घामाचा अर्थ लागतो. आपल्याला समोरच्या माणसाची कथा माहीत नसते.

स्वतःच्या छातीतली धडधडसुद्धा फसवते. कॅनडात व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो दरीवर एक झुलता पूल आहे, खाली 230 फूट खोली. डटन आणि अॅरन यांनी 1974 मध्ये छापलेल्या प्रयोगात या पुलावरच्या पुरुषांना एक तरुणी भेटे, काही प्रश्न विचारे आणि आपला फोन नंबर देई. जवळच्या भक्कम, कमी उंचीच्या पुलावरच्यांनाही तसंच. डुगडुगत्या पुलावरच्यांनी नंतर तिला कितीतरी जास्त फोन केले. भीतीनं उडालेली छाती त्यांनी तिच्या नावावर टाकली, असा अर्थ संशोधकांनी लावला. ट्रेकवरून जुळून आलेली मुलंमुली मला बरीच भेटतात. हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्यांवर कुणी हात दिला, तर तो हात जन्मभराचा वाटू शकतो. त्यांना मी एवढंच सुचवते की पुढची भेट जमिनीवर, दुपारी, एखाद्या साध्या हॉटेलात घ्या आणि तिथेही तसंच वाटतं का बघा.

या सगळ्या संशोधनाच्या पंधराशे वर्षं आधी कालिदासानं हे लिहून ठेवलं आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत मनाशीच आठवतो: तिची नजर दुसरीकडे होती तरी ती प्रेमानं भरलेली होती, ती हळू चालली ते माझ्यासाठी, सखीवर रागावली तेही माझ्यासाठीच. आणि लगेच तो स्वतःवर हसतो, की प्रेमात पडलेल्याला सगळं आपल्याचसाठी चाललंय असं दिसतं. राजाला एवढं कळत होतं. पुढे तो विदूषकाला सांगतो, पायात दर्भाचा अंकुर रुतल्याचं निमित्त करून ती थांबली, वल्कल फांदीत अडकलं नसतानाही सोडवत बसली. नाटकात त्याचा अंदाज बरोबर निघतो. सिनेमातही निघतो. 1995 च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये राज स्टेशनवर मनाशी ‘पलट’ म्हणतो आणि सिमरन वळून बघते. आमच्या पिढीतल्या आणि नंतरच्या किती मुलांनी पाठमोऱ्या मुलींवर हा प्रयोग केला असेल! खऱ्या फलाटावर मुलगी वळून बघते ती बहुतेक वेळा गाडी आली का हे बघायला, किंवा कुणी मागे तर लागलं नाही ना, या धास्तीनं. माझ्यासारखी असेल तर हाक नेमकी कुठून आली ते शोधायला.

आता तर शरीरही लागत नाही. स्टोरी पहिल्या पाच मिनिटांत बघितली, रात्री अकराला ऑनलाइन होती, मेसेजवर लाल बदाम टाकला, निळी खूण होऊनही उत्तर नाही म्हणजे लाजत असणार. मुलं मला स्क्रीनशॉट दाखवतात आणि विचारतात, ‘मावशी, याचा अर्थ काय?’ मी म्हणते, मला काय विचारतोस, बदाम तिनं टाकलाय.

कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आल्यावर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आली, आणि तिच्यावर एक सदस्य बाहेरचा लागतो. तशी बाहेरची सदस्य म्हणून मी काही ठिकाणी बसते. प्रकरणांबद्दल बोलायला कायद्यानंच मनाई आहे आणि ते योग्य आहे. सर्वसाधारण म्हणून सांगते, की बचावात जे ऐकायला मिळतं ते मला रविवारच्या त्या सकाळपासून पाठ आहे. माझ्याशी हसून बोलायच्या, केबिनमध्ये आल्या की बसून राहायच्या, मेसेजला लगेच उत्तर द्यायच्या. साहेबांच्या मेसेजला कोण लगेच उत्तर देत नाही? ज्याच्या हातात रजा, बदली, गोपनीय अहवाल आहे, त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर खरं काही दिसण्याची शक्यता सगळ्यात कमी, आणि आपल्याला माणसं वाचता येतात हा विश्वास सगळ्यात जास्त. कायदा नकोशा वागण्याबद्दल बोलतो आणि त्यात न बोलता केलेले चाळेही येतात. बघणाऱ्याच्या मनात काय होतं एवढ्यावर तिथे सुटका होत नाही.

दुसरा कायदा बाहेरच्या जगाचा. भारतीय दंड संहितेत 2013 मध्ये 354 ड हे कलम आलं, 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेचं 78 वं कलम आहे. स्त्रीनं आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवलेलं असतानाही पुरुष तिच्या मागे जात राहिला, संपर्क साधत राहिला, तर पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे खुणा वाचायच्याच असतील तर नकाराच्या वाचा, कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. आणि खरं सांगायचं तर त्या वाचायला सोप्या असतात. उत्तरं एका शब्दाची होतात. तुम्ही प्रश्न विचारता, ती उलट काही विचारत नाही. खांदे आणि पाय दुसरीकडे वळतात, पर्स किंवा फाइल मध्ये येते, मैत्रिणीला हाक जाते. ‘बघू’, ‘घरी विचारते’, ‘परीक्षा झाल्यावर’ असं काहीतरी निघतं. काही मुली एकदम ‘दादा’ म्हणू लागतात, कॉलेजात राखीच्या दिवशी शोधत येतात. तोंडावर नाही म्हणणं आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. कितीतरी जणी तर जागच्या जागी गोठून जातात, हलत नाहीत, बोलत नाहीत, आणि त्या गप्प राहण्यालाच पुढे संमती म्हटलं जातं. होकाराची चुकीची खूण धरलीत तर तिची झोप उडते. नकाराची चुकून धरलीत, तर फार तर एक संधी जाते, आणि तिला खरंच हवं असेल तर तीही जात नाही. ती तिच्या बाजूनं पाऊल टाकेल.

पाऊल म्हणजे काय, हे मुलं हमखास विचारतात. मी सांगते, जे तिला करायची गरज नव्हती ते ती आपणहून करते का, एवढं बघ. काम नसताना फोन, तुझ्या मुलाखतीची तारीख लक्षात ठेवून चौकशी, एकदा भेट हुकली तर दुसरा दिवस तिनंच सुचवणं. आणि ती सगळ्यांशीच तशी वागते का, हेही बघ. माझ्या त्या सहकाऱ्यांनी एक दिवस काउंटरसमोरच्या बाकावर बसून मला काम करताना पाहिलं असतं, तरी मी सत्तर वर्षांच्या पेन्शनरकडेही तितकीच झुकते हे त्यांना दिसलं असतं.

हे सगळं जमून आलं तरी त्यातून मिळते ती फक्त विचारायची परवानगी. आणि विचारायचं ते शब्दांत, स्वतः, एकट्यानं, तिला सहज निघून जाता येईल अशा जागी. मी मुलांकडून वाक्य बोलून घेते, कारण ऐन वेळी जीभ अडखळते: ‘मला तू आवडतेस. आपण बाहेर कुठे भेटावं असं मला वाटतं. तुला नको असेल तर नाही म्हण, आपलं कामाचं बोलणं आहे तसंच राहील.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड, कारण ते पाळायचं असतं. ‘नाही’ आलं की कारण विचारायचं नाही. मित्राला मध्यस्थ पाठवायचं नाही. स्टेटसवर दर्दभरी गाणी लावायची नाहीत. दुसऱ्या दिवशी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, आणि तेवढंच. मुलींनाही हेच वाक्य लागू आहे. त्यांनी विचारलं तर आभाळ कोसळत नाही, माझ्याकडे येणाऱ्या दोन जोडप्यांत तर मुलीनंच विचारलं होतं.

मुलांच्या आईवडिलांशीही मला बोलायचं आहे, कारण आपल्याकडे प्रकरण फार लवकर त्यांच्या हातात जातं. मुलगा ‘तिचंही मन आहे’ म्हणाला, तर ती काय करते हे विचारू नका, त्याची यादी तो तासभर सांगेल. ती काय म्हणाली, कोणत्या शब्दांत आणि कधी, हे विचारा. उत्तर आलं नाही तर मामांना फोन करू नका आणि पेढे आणू नका.

ज्यांचं हसू असं दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं, त्या मुली मला विचारतात, ‘मग आम्ही हसायचंच नाही का?’ हसा. काउंटरवर माणूस आला तर त्याच्याकडे बघूनच बोला. मात्र एखादा चुकीचं वाचतोय असं वाटलं, तर लवकर आणि सपाट शब्दांत सांगा: ‘माझ्या मनात तसं काही नाही. हे पुन्हा काढू नका.’ मागे सॉरी जोडू नका, कारण सॉरीत त्याला आशा दिसते. मेसेज पुसू नका. कधी, कुठे, काय झालं ते तारखेसह लिहून ठेवा आणि एका विश्वासाच्या सहकाऱ्याला त्याच दिवशी सांगा. थांबत नसेल तर समितीकडे लेखी तक्रार करा. तिची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने आहे, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळते. रात्री-अपरात्री कुणी मागे लागलं असेल तर समितीची वाट बघू नका, 112 लावा.